खरारा केलेला आवाज

स्टोनी रिजच्या लिलावघरात दर बुधवारी गुरांचा लिलाव होतो. ऑर्व्हल त्वेटनं तो इतकी वर्षं पुकारला, की त्याच्याआधी कोण पुकारत होतं हे आता कुणाला आठवत नाही. रिंगणाच्या वर, चार पायऱ्या चढून गेलं की त्याची खुर्ची. त्याचं तोंड सुरू झालं की बाहेरगावच्या माणसाला एक अक्षर कळायचं नाही. आमच्या लोकांना मात्र सगळं कळायचं, आणि बोली लावायला नुसतं बोट हलवलं तरी पुरायचं.

पण त्याचं नाव झालं ते या वेगामुळे नाही. जनावर रिंगणात आलं की ऑर्व्हल आधी थांबायचा आणि साध्या, सावकाश आवाजात त्याचा ऐब सांगायचा. "हिचा मागचा उजवा सड आटलाय. बाकी तीन चालू. धार काढताना डावीकडून लाथ मारते. आता बोला." मग पुढची बोली. सुरुवातीला विकणारे चिडायचे. एका शेजाऱ्यानं तर अख्खा हिवाळा त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पण घेणाऱ्यांचा विश्वास बसला, लांबलांबचे लोक यायला लागले, आणि चिडणारेही गप्प झाले. ऑर्व्हल म्हणायचा, "ऐब सांगून विकलेली गाय परत येत नाही."

अशा या माणसानं जन्मात एकच ऐब लपवला. तो स्वतःचा होता, आणि लपवला तोही इतक्या सफाईनं की जिवावर बेतलं होतं.

त्यात सगळी चूक त्याचीच, असं मी म्हणणार नाही. आमचा हा डोंगराळ मुलूख नॉर्वेहून आलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांचा. इथं कुणालाही 'कसं काय' विचारा, उत्तर येणार, "ठीक चाललंय." गोठा जळाला तरी ठीक. पायावरून ट्रॅक्टर गेला तर "जरा ठणकतंय." तक्रार करणं हे वाईट वळण, आणि डॉक्टरकडे जाऊन तक्रार करणं म्हणजे तर खऱ्या आजाऱ्यांचा वेळ खाणं. आजार अंगावर काढण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

ऑर्व्हलचा आवाज बसला तो मक्याच्या कापणीच्या दिवसांत. धूळ असेल, सर्दी असेल, असं तो म्हणत राहिला. मका घरात आला, धूळ खाली बसली, आवाज काही वर आला नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याचे कान दुखायला लागले होते तेव्हा तो सरळ गाडी काढून ला क्रॉस शहरात गेला होता, कान-घशाच्या डॉक्टरकडे. कुणी काही विचारलं नव्हतं. तेव्हा तो बायकोच्या विम्यावर होता. आर्डिस, त्याची बायको, शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य होती, आणि शाळेची योजना ऐसपैस. विमा कंपनीच्या यादीतल्या डॉक्टरकडे जा, थोडे पैसे द्या. यादीबाहेरच्याकडे जा, जास्त द्या. पण का जाता, कुणाला विचारून जाता, हे कुणी विचारणार नाही. मक्याच्या या कापणीआधीच्या उन्हाळ्यात आर्डिस निवृत्त झाली आणि पासष्टी ओलांडलेल्यांच्या सरकारी योजनेत गेली. ऑर्व्हलला पासष्टी यायला अजून अवकाश होता, म्हणून त्याला स्वतःचा विमा घ्यावा लागला. घेतला तो चर्चमधल्याच गेलॉर्ड नेसकडून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

"हप्ता कमी आहे," गेलॉर्ड म्हणाला होता, "पण यात एक गोष्ट लक्षात ठेव. तुझा एक डॉक्टर ठरलेला. काहीही झालं तरी आधी त्याच्याकडे. त्यानं चिठ्ठी दिली, कंपनीनं ती मान्य केली, तरच पुढचा मोठा डॉक्टर. आणि तोही यादीतलाच."

"मी कुठं जातोय डॉक्टरकडे?" असं म्हणून ऑर्व्हलनं सही ठोकली आणि गेलॉर्डला आर्डिसच्या हातचा ॲपल पाय वाढला. ठरलेला डॉक्टर कोण, ती जागा कोरीच राहिली. कंपनीनं मग आपल्याच मनानं एक नाव छापून कार्ड पाठवलं. ऑर्व्हलनं ते न वाचता पाकिटात घातलं.

आवाज बसल्यावरही तो सवयीनं ला क्रॉसलाच गेला. खिडकीतल्या बाईनं कार्ड उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. या कार्डावर चिठ्ठीशिवाय आम्ही तुम्हाला तपासलं तर कंपनी एक सेंट देणार नाही, सगळं तुमच्या अंगावर पडेल."

दुसरा कुणी असता तर त्यानं हुज्जत घातली असती, निदान चिठ्ठी कशी मिळते ते तरी विचारलं असतं. ऑर्व्हलनं हॅट काढली, त्या बाईचीच माफी मागितली आणि घरी आला. "गर्दी होती," त्यानं आर्डिसला सांगितलं.

पण लिलावघरात अशी गोष्ट किती दिवस झाकून राहणार? पुढच्या बुधवारी लिलावाच्या आधी सगळे जेवणाच्या काउंटरवर जमले होते. निवृत्तीनंतर आर्डिस बुधवारी तो काउंटर सांभाळायची. लिलावघराचा मालक ड्वेन हेगी तिथं होता आणि गुरांचा व्यापारी मर्लही होता.

"चिठ्ठी लागते म्हणे," ऑर्व्हल घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मग तू दारवानवाली योजना घेतलीस," ड्वेन म्हणाला. "दारात एक डॉक्टर बसवलेला. तो म्हणेल तेव्हा आत. माझं बरंय, बायकोच्या बँकेचा विमा. कुठंही जा."

"माझी मधलीच," मर्ल म्हणाला. "चिठ्ठी नको, पण यादीबाहेर पाऊल टाकलं की मेलो. खांद्यासाठी यादीतला डॉक्टर शोधला तर तो दोन काउंटी पलीकडे. गेलो तिथं. कळलं, तो रिटायर होऊन फ्लोरिडाला मासे पकडतोय. यादीत मात्र अजून आहे."

सगळे हसले. ऑर्व्हलही हसला, आणि हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला काही लवकर थांबेना. आर्डिसनं डाव्या हातानं त्याच्या कपात कॉफी ओतली आणि किटली आपटून ठेवली.

"मग आण की चिठ्ठी. माग. तोंड आहे ना?"

"बघू."

"तुझं बघू म्हणजे नाही. रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही, ऑर्व्हल. आणि ती डॉक्टरीण तर तुझी आई पण नाही."

डॉक्टरीण म्हणजे कार्डावर छापलेलं ते नाव, डॉ. नसरीन फरहादी. डेट्रॉइटहून आमच्या गावच्या दवाखान्यात नुकत्याच आल्या होत्या. वय लहान, काम भराभर, आणि माणूस जे सांगेल ते खरं मानून लिहून घेणाऱ्या. आमच्याकडे हा मोठाच धोका होता, पण त्यांना तो कोण सांगणार?

सोमवारची वेळ मिळाली. शनिवारपासून ऑर्व्हलनं बोलणं बंद केलं. गरम पाण्यात मध घालून पीत राहिला. रविवारी चर्चमध्ये भजनाला नुसते ओठ हलवले. सोमवारी सकाळी घोटून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बूट पुसले. गाय रिंगणात आणण्याआधी आमचे लोक तिला धुतात, खरारा करतात, शेपटीचा गोंडा विंचरतात. तसंच त्यानं स्वतःचं केलं. त्यात त्याला काहीच वावगं वाटलं नाही. परक्या माणसासमोर जायचं, तर नीटनेटकं जायला नको?

आणि आवाजही शहाण्यासारखा वागला. दोन दिवस विश्रांती मिळालेली, त्यामुळे दवाखान्यात तो जवळजवळ स्वच्छ निघाला.

"कसे आहात?"

"ठीक चाललंय."

"आवाज कधीपासून बसलाय?"

"झाले थोडे दिवस."

"गिळताना दुखतं?"

"विशेष नाही."

"धूम्रपान?"

"पूर्वी. थोडं."

थोडं म्हणजे किती, हे लिलावघराच्या काळ्या पडलेल्या छताला विचारावं. त्या खुर्चीत बसून वीस वर्षं त्यानं पाइप ओढला होता.

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं, मान चाचपली. "स्वरतंतू इथून दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "नळी घालून बघावं लागतं, ते घशाचे डॉक्टर करतील. मी चिठ्ठी देते. पण चिठ्ठी दोन तऱ्हेची असते. तातडीची असली तर चार-आठ दिवसांत नंबर लागतो. साधी असली तर रांगेत. तुम्हाला काय वाटतं, घाई आहे का?"

 आहे, असं त्याच्या आतून कुणीतरी म्हणत होतं. पण त्वेटांच्या घरातल्या साठीपलीकडच्या माणसानं पोरीच्या वयाच्या बाईसमोर 'मला आधी बघा' कसं म्हणायचं?

"छे छे, घाई कसली! ज्यांना खरंच गरज आहे त्यांना आधी बघा."

डॉक्टरांनी तसं लिहिलं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती अशी.

चिठ्ठी गेली, कंपनीनं ती मान्य केली, यादीतल्या घशाच्या डॉक्टरांकडून तारीखही आली. ऑर्व्हल खुशीत घरी आला. आर्डिस बटाटे सोलत होती.

"मिळाली चिठ्ठी."

"कधीचं बोलावलंय?"

"ईस्टरनंतर."

ख्रिसमस अजून यायचा होता, आणि ईस्टर त्यानंतर तीन-चार महिन्यांनी. आर्डिसनं सुरी खाली ठेवली. "काय सांगितलंस तू तिला?"

"जे आहे ते."

"माझ्याकडे बघून सांग."

ऑर्व्हल फावडं घेऊन दारातलं बर्फ काढायला गेला.

बर्फ काढताना खोकला आला. रुमाल तोंडाला लावला तर त्यावर लाल धागा उमटला. पहिल्यांदा नव्हता तो. त्यानं रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि नंतर आर्डिसचं लक्ष नसताना शेगडीत टाकला. त्याला सेल्मरकाकाची आठवण येत होती. काकाचं स्वरयंत्रच डॉक्टरांनी कापून काढलं होतं, आणि मानेला एक डबी लावून तो बोलायचा. काडेपेटीत भुंगा कोंडल्यासारखा आवाज यायचा. काका प्रेमानं हाक मारायचा आणि लहानगा ऑर्व्हल गोठ्यात पळून जायचा. आवाज गेला तर आपण कोण, हे ऑर्व्हलला माहीत नव्हतं. मरणाची भीती त्याला तेवढी नव्हती, जेवढी त्या डबीची होती. आणि ज्याची एवढी भीती वाटते ते नळी घालून बघण्याची घाई कशाला करायची, असंही आत कुठंतरी चाललं होतंच.

जानेवारीत गाभण गाई-कालवडींचा मोठा लिलाव असतो. त्या बुधवारी लिलावघर खच्चून भरलं होतं. पहिल्या काही कालवडी कशाबशा निघाल्या. मग एक काळी-पांढरी गाय आत आली. अंगानं भरलेली, कास चांगली, आणि डावा डोळा आंधळा. लांबून पाहणाऱ्याला कळलं नसतं. ऑर्व्हल नेहमीसारखा थांबला, माइक जवळ ओढला आणि बोलायला गेला. नुसती हवा आली.

त्यानं घोटभर पाणी घेतलं, पुन्हा बोलायला गेला. पुन्हा हवाच.

गाय रिंगणात फिरत राहिली. बाकांवरचे सगळे चेहरे वर वळले. त्या लिलावघरात बुधवारी दुपारी गाईच्या पायांचा आवाज ऐकू यावा अशी शांतता आम्ही कधी अनुभवली नव्हती. मग ड्वेननं घाईघाईनं वर जाऊन माइक घेतला आणि जशी जमली तशी बोली सुरू केली. गाय मर्लनं घेतली. ऐब मात्र सांगायचा राहिला तो राहिलाच.

ऑर्व्हल त्या चार पायऱ्या उतरून खाली आला. माणसं बाजूला झाली. तो सरळ मर्लपाशी गेला, त्याची बाही धरली आणि आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बोट दाखवलं, मग गाईकडे. मर्लनं मान हलवली. "कळलं रे बाबा, कळलं. बस तू आता."

काउंटरमागून आर्डिस हे पाहत होती. तिनं हातातलं फडकं तिथंच टाकलं, काउंटरची फळी उचलली आणि बाहेर आली. "गाडीत बस."

 गाडी सुरू करून ती बोलायला लागली ती थांबेचना. "गाईच्या डोळ्यासाठी पायऱ्या उतरून गेलास. अख्ख्या गावासमोर! आणि स्वतःचं काय केलंस? मला काय कळत नाही? दोन दिवस तोंड बंद. मधाचं पाणी. इस्त्रीचा शर्ट! खरारा करून गेलास त्या बाईसमोर. कुणी आंधळी गाय डोळ्याला काजळ लावून विकायला आणली असती, तर सोडला असतास तू त्याला?"

"कपडे तरी बदलू दे," ऑर्व्हल नुसत्या श्वासानं म्हणाला. त्याच्या बुटांना शेण होतं, शर्टाला भुसा होता.

"नाही. असाच चल. शेणासकट."

दवाखान्यातल्या खिडकीत ब्रेना नावाची मुलगी होती. तिनं विचारलं, "वेळ घेतली होती का?"

"नाही," आर्डिस म्हणाली. "बसतो आम्ही."

दवाखान्यातली हवा गरम, त्यामुळे बुटांचं शेण हळूहळू बोलायला लागलं. शेजारची बाई आधी एक खुर्ची सरकली, मग दोन. मग ब्रेना उठून आत गेली, आणि डॉ. फरहादींनी दोन रुग्णांच्या मध्ये त्यांना आत घेतलं.

"कसे आहात, मिस्टर त्वेट?"

'ठीक' हा शब्द ऑर्व्हलच्या ओठांवर येऊन उभा राहिला. आर्डिस भिंतीवरच्या फुफ्फुसाच्या चित्राकडे बघत होती. तिनं आता मदत करायची नाही असं ठरवलेलं दिसत होतं. ऑर्व्हलनं हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. रिंगणात थांबायचा तसा तो थांबला. आणि मग फाटक्या, मोडक्या आवाजात, एकेक शब्द ओढून काढत, त्यानं सांगितलं.

"ऐब सांगतो. आवाज कापणीपासून गेलाय. मागं तुमच्याकडे आलो, तेव्हा दोन दिवस बोललो नव्हतो, म्हणून तुम्हाला बरा वाटला. गिळताना टोचतं. कळ कानापर्यंत जाते. थुंकीत रक्त येतं, दोन महिने. पाइप वीस वर्षं ओढलाय. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं."

इथं रिंगणात तो 'आता बोला' म्हणायचा. ते त्यानं म्हटलं नाही. हॅटच्या कडेवर बोट फिरवत तो म्हणाला, "आणि मला भीती वाटते."

 आर्डिसकडे बघायची त्याची छाती होईना. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला हे वाक्य कधी ऐकवलं नव्हतं, पूर आला तेव्हा नाही, त्यांचं एकुलतं बाळ गेलं तेव्हाही नाही. मग त्याला जाणवलं की आपली बाही कुणीतरी घट्ट धरली आहे. लाज वाटायला हवी होती, पण त्याला हलकंच वाटलं.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"त्रास घ्यायलाच बसलेय मी इथं," त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "मीही आणखी विचारायला हवं होतं. इथल्या लोकांच्या 'ठीक'ला दोनदा विचारायचं, हे आता मी विसरणार नाही."

मग त्यांनी स्वतः कंपनीला फोन लावला. तिकडे बराच वेळ गाणं वाजत राहिलं. ऑर्व्हल चुळबुळायला लागला. "बाहेर लोक खोळंबलेत, डॉक्टर."

"खोळंबू देत. त्यांच्यातलं कुणी रक्त थुंकत नाही." आणि मग फोनमध्ये, "नाही, उद्या नाही. मी थांबते. तुमच्या डॉक्टरांनाच द्या फोनवर." जवळजवळ भांडणच झालं ते. पण त्यांनी फोन ठेवला तेव्हा चिठ्ठी तातडीची झाली होती.

त्याच आठवड्यात ला क्रॉसच्या त्याच खिडकीत चिठ्ठी देऊन ऑर्व्हल आत गेला. घशाच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. डाव्या स्वरतंतूवर गाठ होती. वाईट जातीची होती, पण अजून लहान. "किरणांनी जाईल असं दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "ईस्टरपर्यंत थांबला असतात तर आज आवाजाची गोष्ट निघालीच नसती. तुमच्या जिवाचं बोलत बसलो असतो."

मग चिठ्ठ्यांची माळ सुरू झाली. किरणांसाठी वेगळी चिठ्ठी, त्याआधी दात तपासायला वेगळी, गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईकडे जायला वेगळी. किरणांचं जवळचं यंत्र यादीबाहेर निघालं, यादीतलं पुष्कळ लांब. ब्रेना रोज कंपनीशी फोनवर झगडायची आणि ऑर्व्हल तिला ॲपल पाय नेऊन द्यायचा. बर्फातून आर्डिस गाडी चालवायची. उपचार चालू असताना आणि नंतरही काही आठवडे बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती.

जन्मभर बडबड केलेला माणूस गप्प बसला की त्याचं काय होतं? आधी तो वैतागला. मग आपली कीव करून झाली. मग काही करायला उरलं नाही म्हणून बघायला लागला. बोलणारा माणूस समोरच्याचं फक्त बोट बघतो, बोली आली की नाही एवढंच. गप्प बसल्यावर ऑर्व्हलला अख्खी माणसं दिसायला लागली. गाडीत शेजारी बसून तो तासन्‌तास आर्डिसला बघायचा. ती एकाच हातानं गाडी चालवायची, डाव्या. कोटाची बटणं लावायला तिला फार वेळ लागायचा. ॲपल पायच्या कडेची नक्षी, जिच्यासाठी ती जत्रेत बक्षिसं घ्यायची, आता वेडीवाकडी यायची. आणि कॉफी ती कधीपासून डाव्या हातानं ओततेय? त्याला आठवायला लागलं. काउंटरवर, मर्लच्या खांद्याचा विषय निघाला होता त्या दिवशीही. त्याआधीही. हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं आणि तो बोलत होता.

 पण विचारायची सोय नव्हती. तोंडाला कुलूप होतं, आणि असलं कागदावर लिहून विचारायला तो धजेना.

ईस्टर झाला, बर्फ वितळलं. गाठ गेली होती. आवाज येईल, डॉक्टर म्हणाले, पण पहिल्यासारखा नाही, खडबडीत येईल, आणि बोली पुकारायचं मात्र विसरा. ड्वेन घरी येऊन सांगून गेला, "पुकारायचं मी बघतो. तू बाजूला बस आणि ऐब तेवढे सांग. ते माझ्याच्यानं होत नाही." ऑर्व्हलनं मान हलवली. दुःख झालं, नाही असं नाही. पण सेल्मरकाकाची डबी टळली होती.

बोलायची परवानगी मिळाली त्या सकाळी आर्डिसनं टेबलावर गरम पाव, लोणी आणि कॉफी मांडली. समोर बसली. लग्नाच्या दिवशी दिसली नसेल इतकी उत्सुक दिसत होती.

"हं. बोल काहीतरी. पहिला शब्द कोणता?"

ऑर्व्हलनं घसा साफ केला. आवाज आला. नदीतल्या वाळूवरून गाडी जावी तसा, पण आला.

"उजवा हात दाखव."

आर्डिसचं हसू तसंच राहिलं. "काय?"

"उजवा."

"काही नाही झालेलं त्याला. तुझं आपलं काहीतरीच. एवढ्या दिवसांनी बोललास आणि काय बोललास!" ती उठून शेगडीकडे जायला लागली. हात एप्रनच्या खिशात होता.

"आर्डिस. तुला तर चिठ्ठीसुद्धा लागत नाही."

ती पाठमोरीच उभी राहिली. तिच्या योजनेत खरंच कुणाला विचारायचं नव्हतं, कुठलंही दार वाजवलं असतं तरी उघडलं असतं. ती एकाही दारापर्यंत गेली नव्हती.

"ठीक आहे रे," ती म्हणाली.

ऑर्व्हल थांबला. रिंगणात थांबायचा तसा. मग त्या नव्या, खरखरीत आवाजात, सावकाश म्हणाला, "ऐब सांग."

ती परत येऊन खुर्चीत बसली. खिशातून हात काढला आणि लोण्याच्या बशीशेजारी टेबलावर ठेवला. हात थरथरत होता. तिनं तो दाबून धरायचा प्रयत्न केला, पण बशीतला चमचा वाजायला लागला आणि वाजतच राहिला.

"कधीपासून?"

"तुझ्या आवाजाच्या आधीपासून," आर्डिस म्हणाली. "तुझं होऊ दे म्हटलं आधी." आणि मग, चमच्याकडे बघत, "ऑर्व्हल, मलाही भीती वाटते."